चर्चच्या तळघरातलं मतदान केंद्र: अमेरिकेच्या राजकारणात धर्म नेमका कुठून शिरतो

प्रश्न असा आला की अमेरिकेच्या घटनेत धर्म आणि सरकार वेगळं ठेवलंय म्हणतात, मग राष्ट्राध्यक्ष बायबलवर हात ठेवून शपथ कशी घेतो, नोटेवर देवाचं नाव कसं, चर्चवाल्यांशिवाय तिकडे पान हलत नाही हे खरं का, आणि नास्तिक नाहीतर आपला एखादा हिंदू तिथे राष्ट्राध्यक्ष होईल का. एकात चार प्रश्न आहेत, उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

मी प्राध्यापक वगैरे नाही. ओहायोत पंचवीसेक वर्षं झाली, त्यातली वीस निवडणुकीच्या कामात गेली, आधी दारोदार फिरणं आणि फोन लावणं, मग मतदार याद्यांचा डेटा सांभाळणं, आणि नागरिकत्व मिळाल्यावर काही निवडणुका मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून. माझा कल कुठल्या बाजूला आहे ते वाचता वाचता कळेलच, लपवत नाही, पण काम करताना दोन्हीकडची माणसं जवळून बघितलीत.

मतदान केंद्रावरची माझी पहिली ड्यूटी एका ल्युथरन चर्चच्या तळघरात लागली. पहाटे साडेपाचला पोचलो तर भिंतीवर पोरांनी रंगवलेलं नोहाचं जहाज, त्याच्याखाली मतदान यंत्रं मांडलेली, आणि कोपऱ्यात चर्चच्या बायकांनी ठेवलेली कॉफी. मी आपला भारतातून आलेला, मला वाटलं हे बेकायदाच असणार. माझ्या टेबलावर एक सत्तरीच्या बाई होत्या, त्यांना विचारलं, तर हसून म्हणाल्या की एवढी मोठी खोली, एवढं पार्किंग आणि व्हीलचेअरचा रॅम्प या गावात दुसरीकडे कुठे मिळणार? या वीस वर्षांत मला जे काही समजलं ते साधारण याच वाक्याच्या आसपास फिरतं. अमेरिकेत चर्चकडे खोली आहे, पार्किंग आहे, दर रविवारी न बोलावता येणारी माणसं आहेत आणि त्यांच्या फोन नंबरांची यादी आहे. राजकारणाला याहून जास्त काय लागतं?

आधी शपथेचं उरकून टाकतो कारण त्यात फार काही नाही. घटनेत राष्ट्राध्यक्षाच्या शपथेचे फक्त ३५ शब्द दिलेत, त्यात देव नाही आणि बायबलही नाही, शेवटी 'देव मला साहाय्य करो' म्हणतात तो रिवाज आहे. जॉन क्विन्सी अॅडम्सने १८२५ मध्ये कायद्याच्या पुस्तकावर शपथ घेतली. फ्रँकलिन पियर्सने १८५३ मध्ये शपथ घेण्याऐवजी नुसतं प्रतिज्ञापूर्वक सांगितलं, घटनेत तीही सोय आहे. थिओडोर रूझवेल्टने १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लेचा खून झाल्यावर घाईत शपथ घेतली तेव्हा बायबल नव्हतंच. केनेडींचा खून झाला त्या दिवशी लिंडन जॉन्सनने विमानात ज्या पुस्तकावर हात ठेवला ते बायबल नसून केनेडींचं कॅथलिक प्रार्थनापुस्तक होतं. आणि २०२५ च्या शपथविधीत ट्रम्पची बायको दोन बायबलं धरून शेजारी उभी होती पण ह्यांचा हात काही त्यावर गेला नाही, कोर्टात कोणी खेचलं नाही, खेचता येणारच नव्हतं. घटनेच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही.

नोटेवरचं देवाचं नाव तर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप नवं आहे. नाण्यावर ते यादवी युद्धात १८६४ ला आलं, पण राष्ट्राचं अधिकृत ब्रीदवाक्य ते १९५६ मध्ये झालं आणि कागदी नोटांवर १९५७ पासून. शाळेत पोरं झेंड्यासमोर जी प्रतिज्ञा म्हणतात त्यात देव १९५४ मध्ये घातला. म्हणजे नाणं सोडलं तर सगळं आयझेनहॉवरच्या काळातलं, समोर रशिया होता आणि रशिया देव मानत नव्हता, मग आपण मानतो हे ठसवायला हे सगळं. खुद्द आयझेनहॉवरचा बाप्तिस्मा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर झाला, शपथ जानेवारी १९५३ मध्ये आणि बाप्तिस्मा फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला. आयुष्यभर सैन्यात राहिलेल्या माणसाला वयाच्या बासष्टाव्या वर्षी एखाद्या चर्चचं रीतसर सभासद असावं असं वाटलं ते का, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आता मुद्द्याचं. सरकार आणि धर्म यांच्यात 'भिंत' असावी हा शब्द तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याचा, १ जानेवारी १८०२ च्या पत्रातला. ते पत्र कोणाला होतं बघा, कनेटिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्ट लोकांना. नास्तिकांना नाही, कट्टर भाविकांना. कारण त्या वेळी कनेटिकटमध्ये सरकारमान्य चर्च दुसरंच होतं, काँग्रिगेशनल, त्याच्यासाठी कर भरावा लागायचा आणि बॅप्टिस्टांना त्यातून सुटायचं तर आपण बॅप्टिस्ट आहोत असा दाखला आणून द्यायला लागायचा. म्हणून त्यांना भिंत हवी होती. केंद्र सरकारला घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने १७९१ मध्येच धर्म स्थापायची बंदी झाली होती, पण राज्यांना ती लागू नव्हती, कनेटिकटचं सरकारी चर्च १८१८ ला संपलं आणि मॅसॅच्युसेट्सचं तर १८३३ ला.

याचा परिणाम काय झाला तर चर्चला सरकारी पैसा बंद. प्रत्येक पास्टरला आपली माणसं आपणच जमवायची, छप्पर गळलं तर त्यांच्याकडूनच पैसे काढायचे, आणि समोरच्या गल्लीत दुसरं चर्च उघडलं तर स्पर्धा. युरोपात सरकारी चर्चं पगारी राहिली आणि हळूहळू ओस पडली, इथे दोनशे वर्षं प्रत्येक चर्च गर्दी जमवायला, वर्गणी काढायला, न येणाऱ्याच्या घरी जाऊन चौकशी करायला शिकत राहिलं. आता तुम्ही कधी निवडणुकीचं काम केलं असेल तर लक्षात येईल की हीच तीन कामं आम्ही करतो. भिंत बांधली म्हणून धर्म दुबळा झाला नाही, उलट चांगला तालीमबाज झाला. सरकार चर्चमध्ये जाऊ शकत नाही पण चर्चमधली माणसं मतदान केंद्रात जातात ना, त्यांना कोण अडवणार.

आणि ही ताकद कुठल्या एका बाजूची नाही हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की हे फक्त रिपब्लिकनांचं प्रकरण आहे. गुलामगिरीविरोधी चळवळ चर्चमधून उभी राहिली आणि गुलामगिरीचं समर्थनही चर्चमधूनच झालं, मेथडिस्ट १८४४ ला आणि बॅप्टिस्ट १८४५ ला या एकाच प्रश्नावर उत्तर-दक्षिण फुटले. लिंकनने १८६५ च्या भाषणात म्हटलं की दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात आणि त्याच देवाची प्रार्थना करतात. हा लिंकन स्वतः कधीच कुठल्या चर्चचा सभासद नव्हता बरं का. १८४६ मध्ये काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, उभा राहिला तेव्हा समोर एक मेथडिस्ट धर्मोपदेशक होता, पीटर कार्टराइट, आणि लिंकन धर्म मानत नाही अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्याला पत्रक छापून सांगावं लागलं की मी चर्चचा सभासद नाही हे खरं पण मी धर्माची टिंगल कधी केलेली नाही. आजही उमेदवार वेगळं काय करतात? पुढे दारूबंदीसुद्धा चर्चच्या जोरावर झाली आणि १९३३ ला पडली, त्याच्यात शिरत नाही.

कॅथलिकांचं प्रकरण मात्र सांगायलाच हवं. १९२८ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने अल् स्मिथला उभं केलं, मोठ्या पक्षाचा पहिला कॅथलिक उमेदवार, आणि टेक्सास, व्हर्जिनियासारखी दक्षिणेतली हक्काची राज्यं हातची गेली. भीती काय तर हा पोपच्या सांगण्यावर देश चालवेल. बत्तीस वर्षांनी केनेडी उभे राहिले तेव्हाही तीच भीती, म्हणून १२ सप्टेंबर १९६० ला ते ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पास्टरांच्या सभेत गेले आणि सांगितलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे, चर्चने राष्ट्राध्यक्षाला काय करायचं ते सांगू नये. निसटते जिंकले, पण कॅथलिकांची चारातली जवळपास तीन मतं त्यांना पडली. आता २०१२ ला या. रिक सँटोरम, हाही कॅथलिक, पण रिपब्लिकन, जाहीरपणे म्हणाला की केनेडींचं ते भाषण वाचून मला ओकारी येते. आणि त्याला त्याबद्दल टाळ्या देणाऱ्यांत त्याच बॅप्टिस्ट पास्टरांची नातवंडं होती. या पन्नास वर्षांत काय झालं तेच खरं तर या प्रश्नाचं उत्तर आहे.

झालं असं. १९७६ मध्ये जिमी कार्टर निवडून आले, सदर्न बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, मी नव्याने जन्मलोय असं उघड सांगणारे, म्हणजे इव्हँजेलिकल मतदाराला, बायबल प्रमाण मानणाऱ्या आणि असा नवा जन्म सांगणाऱ्या प्रोटेस्टंटांना, देवाने पाठवलेलाच उमेदवार. चार वर्षांनी त्याच मतदाराने त्यांना सोडून रोनाल्ड रीगनला धरलं, जो घटस्फोटित, हॉलिवूडचा नट, चर्चमध्ये क्वचितच जाणारा, आणि ज्याने १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर असताना गर्भपाताला सवलत देणाऱ्या कायद्यावर सही केलेली. लोक म्हणतात गर्भपातामुळे, गर्भपात हा घटनेने दिलेला हक्क आहे असं सांगणाऱ्या १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालामुळे. अर्धं खरं आहे. पण १९७१ मध्ये खुद्द सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशनाने ठराव केला होता की काही परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी, आणि १९७३ च्या निकालानंतर लगेच रस्त्यावर आले ते मुख्यतः कॅथलिक. इव्हँजेलिकल पुढाऱ्यांना पहिल्यांदा चटका बसला तो कराचा. दक्षिणेत सरकारी शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र बसवायला लागल्यावर गोऱ्यांच्या खाजगी ख्रिश्चन शाळा धडाधड उघडल्या, कोर्टाने सांगितलं की भेदभाव करणाऱ्या शाळांना करमाफी नाही, बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी गेली, आणि १९७८ मध्ये कार्टरच्या काळात कर खात्याने, म्हणजे आयआरएसने, अशा शाळांवर आणखी कडक नियम आणायचा प्रस्ताव काढला. तेव्हा पास्टर मंडळी खवळली. पॉल वायरिक नावाचा एक संघटक बरीच वर्षं या लोकांना राजकारणात ओढायला मुद्दा शोधत होता, त्याला तो सापडला. १९७९ मध्ये टीव्हीवरचा पास्टर जेरी फॉलवेल याने मॉरल मेजॉरिटी नावाची राजकीय संघटना काढली. पण शाळांच्या करमाफीवर देशभर मोर्चे निघत नाहीत हे त्यांनाही कळत होतं, गर्भपातावर निघतात, आणि त्यावर कॅथलिकही बरोबर येतात. असा तो मुद्दा मध्यभागी आला. याचा अर्थ सामान्य माणसाची गर्भपाताबद्दलची भावना खोटी होती असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी असंख्य दारांवर उभा राहिलोय, ती भावना अगदी आतून आलेली असते. मी फक्त गाडीचं इंजिन कुठे बसवलं ते सांगतोय.

ऑगस्ट १९८० मध्ये रीगन डॅलसला हजारो पास्टरांसमोर गेले आणि म्हणाले, तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला माहीत आहे, पण मी तुम्हाला पाठिंबा देतो. वाक्य कसलं घडवलंय बघा. 'देऊ शकत नाही' याचं कारण जॉन्सन दुरुस्ती, १९५४ चा कायदा, करमाफी घेणाऱ्या संस्थेने उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. कागदावर कडक आणि प्रत्यक्षात फारसा कोणी न वापरलेला. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने क्लिंटनविरुद्ध वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, त्यांची करमाफी गेली, ते उदाहरण सगळे वकील सांगतात कारण दुसरं सांगायला जवळपास नाहीच. बाकी सगळं कडेकडेने चालतं. पास्टर उमेदवाराचं नाव घेत नाही, 'जीवनाच्या बाजूने मत द्या' म्हणतो, कळायचं त्याला कळतं. २०२५ मध्ये तर आयआरएसने स्वतःच कोर्टात लिहून दिलं की पास्टर आपल्या मंडळींसमोर प्रार्थनेच्या वेळी निवडणुकीबद्दल बोलला तर तो प्रचार आम्ही धरणार नाही.

आता माझं स्वतःचं बघितलेलं. २००४, ओहायो, रिपब्लिकन बुश विरुद्ध डेमोक्रॅट केरी. मी तेव्हा ग्रीन कार्डवर, मत नव्हतं पण स्वयंसेवक म्हणून राबता येतं. आमच्या ऑफिसात तरुण पोरं, लॅपटॉप, पिझ्झा, बाहेरच्या राज्यांतून पगारी माणसं आणलेली. आम्हाला वाटायचं आपलं संघटन भारी. समोरच्यांचं ऑफिस शांत, दोन बायका आणि एक फॅक्स. आम्ही हसायचो. निवडणुकीच्या आदल्या रविवारी एका मोठ्या चर्चच्या पार्किंगवरून गेलो तर प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एक पत्रक, दोन रकाने, मुद्दे आणि कोण कुठल्या बाजूचा, कोणाला मत द्या असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि लिहायची गरजही नाही. ती युक्ती तोवर पंधराएक वर्षं जुनी झाली होती, टीव्हीवरचा धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन याच्या ख्रिश्चन कोअलिशन या संघटनेने गाजवलेली. बुशच्या मोहिमेने तर त्या वर्षी स्वयंसेवकांना सांगितलं होतं की आपापल्या चर्चची सभासद यादी प्रचार कार्यालयात पाठवा, त्यावर काही इव्हँजेलिकल पुढारीसुद्धा चिडले. इथल्या सरकारी मतदार यादीत धर्माचा रकाना नसतो हे लक्षात घ्या, आम्ही डेटावाले मासिकांच्या वर्गणीवरून नि कशाकशावरून अंदाज बांधत बसतो, त्यांना चर्चने तयार यादी दिली, नाव, पत्ता, फोन.

त्याच मतपत्रिकेवर ओहायोत इश्यू वन होता, समलिंगी लग्नाला बंदी घालणारी घटनादुरुस्ती. त्या दिवशी एकूण अकरा राज्यांत तसले ठराव होते आणि अकराही पास झाले, आमच्याकडे जवळपास ६२ टक्क्यांनी. बुशने ओहायो सुमारे १ लाख १८ हजार मतांनी जिंकलं आणि ओहायो गेलं म्हणून केरी राष्ट्राध्यक्षपद हरला. त्या ठरावानेच बुश जिंकला का यावर अभ्यासक अजून भांडतात आणि मी त्यात पडत नाही. पण मला आठवतं ते हे की त्या दिवशी आमच्या यादीतली माणसं आणायला आम्ही गाड्या पाठवत होतो आणि त्यांची माणसं आपापली येत होती, शेजाऱ्याला घेऊन. केरी कॅथलिक होता, केनेडीनंतरचा मोठ्या पक्षाचा पहिलाच, आणि तरी कॅथलिकांची जास्त मतं बुशला, एका मेथडिस्टाला पडली. सेंट लुईसच्या आर्चबिशपने तर सांगून टाकलं होतं की केरी आला तर त्याला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला प्रसाद, देणार नाही. १९६० मध्ये उमेदवार पोपचं फार ऐकेल ही भीती होती, २००४ मध्ये तक्रार ही की पुरेसं ऐकत नाही.

हे समजलं की ट्रम्पचं कोडं उरत नाही. भारतातून फोनवर लोक विचारतात, तीन लग्नं, कॅसिनो, बायबलमधल्या एका पुस्तकाचं नाव लिबर्टी या इव्हँजेलिकल विद्यापीठात सगळ्यांसमोर चुकीचं म्हणणारा माणूस, आणि दहातले आठ गोरे इव्हँजेलिकल त्याला मत देतात, हे ढोंग नाही का? मला तसं वाटत नाही. कार्टरने त्यांना शिकवलं की भाविक राष्ट्राध्यक्ष मिळाला म्हणजे हवं ते मिळतं असं नाही. रीगनने शिकवलं की भाविक नसला तरी चालतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती स्कॅलिया वारले, जागा रिकामी राहिली, आणि मे महिन्यात ट्रम्पने अकरा जणांची यादीच छापली की मी नेमणूक करीन ती यातून. कुठल्याच उमेदवाराने असं आधी केलं नव्हतं. हा व्यवहार होता आणि दोन्ही बाजूंनी पाळला. गॉर्सच, कॅव्हनॉ, बॅरेट असे तीन न्यायमूर्ती नेमले आणि २४ जून २०२२ ला रो विरुद्ध वेड रद्द झालं. माझ्या ओळखीतले एक निवृत्त पास्टर आहेत, ट्रम्पच्या वागण्याची त्यांना मनापासून शिसारी, ते मला म्हणाले की मी धर्मगुरू निवडत नव्हतो, प्लंबर बोलावत होतो. मला पटलं नाही, पण समजलं.

काळ्यांच्या चर्चबद्दल बोलल्याशिवाय हे चित्र अर्धं राहील, आणि आपल्याकडच्या लेखांत ते हमखास राहतं. गुलामगिरीनंतर शंभर वर्षं काळ्या समाजाला स्वतःच्या मालकीची अशी एकच जागा होती, चर्च. शाळा सरकारची, नोकरी गोऱ्याची, पास्टरचा पगार मात्र समाजाच्या वर्गणीतून, म्हणून तो मालकाला न घाबरता बोलू शकायचा. मार्टिन ल्यूथर किंग पास्टर होते हा योगायोग नाही. त्यांच्या अॅटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर राफाएल वॉरनॉक जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जियातून सिनेटवर निवडून आले आणि पास्टरकी सोडली नाही. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी प्रार्थना संपली की बसेस थेट लवकर मतदानाच्या केंद्रावर (इथे निवडणुकीच्या दिवसाआधीही मत देता येतं), ह्याला सोल्स टू द पोल्स म्हणतात. २०१२ मध्ये आमच्या ओहायोत रिपब्लिकन सरकारने नेमके मतदानाआधीचे शेवटचे तीन दिवस बंद करायचा घाट घातला, कोर्टाने ते परत उघडायला लावले. त्या रविवारी मी क्लीव्हलंडमध्ये रांगेत पाण्याच्या बाटल्या वाटत होतो. थंडी होती, बायका चर्चच्या टोप्या घालून, कोणीतरी गाणं सुरू केलं आणि अख्खी रांग म्हणायला लागली, निवडणूक आहे की काकडआरती कळेना. ही माणसं ज्याला मत देतात त्या डेमोक्रॅट पक्षाचे शहरी, शिकलेले गोरे मतदार मात्र चर्चमध्ये सगळ्यात कमी जाणारे. एकाच पक्षात सगळ्यात भाविक आणि सगळ्यात निधर्मी, त्यामुळे डेमोक्रॅट उमेदवाराला देवाबद्दल बोलताना तारेवरची कसरत. ओबामांना ती जमली, पण त्यांनाही २००८ मध्ये स्वतःच्या पास्टरच्या, जेरेमाया राइट यांच्या जुन्या प्रवचनांवरून फिलाडेल्फियात खास भाषण करावं लागलं. म्हणजे एकीकडे अफवा की हा मुसलमान आहे आणि दुसरीकडे आरोप की याचा ख्रिश्चन पास्टर असा कसा. दोन्ही एकाच महिन्यात.

आता चर्चवाल्यांशिवाय पान हलत नाही का? हलतं, आणि दिवसेंदिवस जास्त हलतंय. प्यू संस्थेच्या मोठ्या पाहणीत २००७ मध्ये ७८ टक्के प्रौढ स्वतःला ख्रिश्चन म्हणायचे, २०२३-२४ मध्ये ६२. कुठलाच धर्म न सांगणारे १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. पण धर्म न सांगणाऱ्यांना तळघर नाही, पार्किंग नाही, रविवार नाही. यादीत असतात २९ टक्के पण त्यांना एका खोलीत कसं आणायचं हे आम्हाला अजून कळलेलं नाही. आयोवातला अनुभव उलटा आहे, तिथल्या रिपब्लिकन कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावोगावच्या सभांत, पास्टरांचं जाळं एवढं घट्ट की २००८ ला हकबी, २०१२ ला सँटोरम, २०१६ ला क्रूझ जिंकले, तिघेही त्यांचे लाडके, आणि तिघांनाही पुढे पक्षाची उमेदवारी मिळाली नाही. म्हणजे गाव जिंकता येतं, जिल्हा नाही.

आणि ओहायोचंच सांगायचं तर नोव्हेंबर २०२३ मध्ये परत एक इश्यू वन आला, या वेळी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायचा. कॅथलिक चर्चने विरोधात पैसा आणि प्रवचनं दोन्ही ओतलं. ट्रम्पने दोनदा आरामात जिंकलेलं राज्य. ठराव जवळपास ५७ टक्क्यांनी पास झाला. मी त्या वेळी एका उपनगरात दारं ठोठावत होतो, एका बाईच्या अंगणात मेरीची मूर्ती, दारावर क्रॉस, मी म्हटलं ह्या दाराला सोडून द्यावं, तेवढ्यात त्यांनीच दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, मी हो म्हणणार आहे, पण अंगणात तुमची पाटी लावू नका, नवरा चर्चच्या कमिटीवर आहे. आमच्या अॅपमध्ये अशा दारासाठी खूण नाही.

राहता राहिला नास्तिक आणि हिंदूंचा प्रश्न. कायद्याने कोणालाच अडचण नाही. टेक्सास, टेनेसी अशा काही राज्यांच्या घटनेत देव न मानणाऱ्याला पद नाही असं अजून छापलेलं आहे, पण १९६१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ते नुसतं कागदावर. मत मिळवण्याची अडचण मात्र आहे. गॅलप या पाहणी संस्थेने २०१९ मध्ये विचारलं तेव्हा आपल्या पक्षाने लायक नास्तिक दिला तर मत देऊ असं ६० टक्के लोक म्हणाले, १९५८ मध्ये तेच १८ टक्के होते. सुधारणा आहे, पण उरलेल्या ४० टक्क्यांवर पाणी सोडून कोण निवडून येणार? काँग्रेसच्या ५३५ सभासदांत आपण कुठलाच धर्म मानत नाही असं उघड सांगणारे आजही बोटांवर मोजण्याइतके.

हिंदूंचं थोडं वेगळं आहे, कारण अमेरिकन मतदाराला 'कुठला देव' याहून 'कुठला तरी देव' जास्त चालतो. सप्टेंबर २००० मध्ये वाजपेयी काँग्रेससमोर भाषणाला आले त्या दिवशी सभागृहात पहिली हिंदू प्रार्थना झाली, ती म्हणणारे पुजारी आमच्या ओहायोतल्या पार्मा गावच्या शिव विष्णू मंदिराचे. काही ख्रिश्चन संघटना तेव्हा चिडल्या होत्या. सात वर्षांनी सिनेटमध्ये हिंदू प्रार्थना झाली तेव्हा वरच्या गॅलरीतून आरडाओरडा करणाऱ्यांना पोलिसांनी बाहेर काढलं. तुलसी गॅबर्डने २०१३ मध्ये गीतेवर शपथ घेतली. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ आणि २०२४ मध्ये डेट्रॉईटच्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडून आले, तो मतदारसंघ मोठ्या प्रमाणात काळ्या समाजाचा, म्हणजे मराठी माणूस तिथे मत मागायला कुठे कुठे जात असेल ते मघाशी सांगितलंच. आमच्याकडे महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला हल्ली दर निवडणुकीला उमेदवार येतात, दोन्ही पक्षांचे, टिळा लावून घेतात, मोदक खातात, आणि त्यांचा पोऱ्या दाराशी उभा राहून ईमेल पत्ते लिहून घेतो. खोली, पार्किंग, यादी, आलं ना लक्षात?

पण राष्ट्राध्यक्षपद म्हटलं की गणित बदलतं. बॉबी जिंदाल कॅथलिक झाले, निकी हेली मेथडिस्ट झाल्या, त्यांच्या श्रद्धेवर मी बोट ठेवत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न, पण वर गेलेले पहिले दोन भारतीय वंशाचे रिपब्लिकन ख्रिश्चन होते हे खरं. विवेक रामस्वामीने ते केलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आयोवात एका बाईने त्याला तोंडावर विचारलं की तुझा धर्म आमच्या संस्थापकांचा नाही, त्याचं काय, तर म्हणाला मी हिंदू आहे, मतांसाठी खोटं धर्मांतर करणार नाही, आणि मग पुढची पाच मिनिटं आपण जेझुइट शाळेत शिकलो आणि आपली मूल्यं तीच कशी हे सांगत राहिला. आयोवात चौथा आला. २०२५ मध्ये त्याने ओहायोच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर केली, ट्रम्पचा पाठिंबा घेऊन. राज्यातली मोठी चर्चं, ज्यांच्या पार्किंगमध्ये मी २००४ ची ती पत्रकं बघितली होती, तिथे आता त्याचे लोक खेटे घालतायत. त्याचं राजकारण मला बिलकुल पटत नाही, पण तिथली एखादी आजी रामस्वामी हे नाव उच्चारताना अडखळत अडखळत शेजारणीला फोन करत असेल, तर तो फोन मला ऐकायला आवडेल.